ड्राइव्हला हुकूम देणारी तार

भाव करताना राहून गेलेला चौथा प्रश्न

आपल्या धंद्यातला माणूस एसी ड्राइव्ह विकत घ्यायला जातो तेव्हा तीन प्रश्न ठरलेले असतात. किती हॉर्सपॉवरचा? भाव काय? गॅरंटी किती? या तिन्हींची उत्तरे मनासारखी मिळाली की सौदा पक्का. मग वायरमन येतो, हाताला लागेल ती वायर जोडतो, मोटार फिरते आणि सगळे खूश होतात. चौथा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. या ड्राइव्हला हुकूम कसा मिळणार? चालू हो, थांब, इतक्या वेगाने फिर, हे त्याला कोण सांगणार, कोणत्या तारेने सांगणार आणि ती तार तुटली तर ड्राइव्ह काय करणार?

हा प्रश्न मामुली वाटतो, कारण ही तार बारीक असते आणि तिची किंमत ड्राइव्हच्या किमतीपुढे काहीच नसते. पण ताणा तुटणे, कापड बिघडणे आणि कामगाराचा हात रोलरमध्ये सापडणे, या तिन्ही गोष्टींचा संबंध या तारेशी येतो. म्हणून आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सोलापूरच्या कारखानदार बांधवांसाठी हा खुलासा करीत आहे. मी इंजिनिअर नाही, कापडाचा व्यापारी आहे. पण सूत आपले, बीम आपले आणि नुकसानही आपलेच. तेव्हा एवढी माहिती आपल्याला असलीच पाहिजे.

ड्राइव्ह करतो तरी काय?

इंजिनिअर लोक ड्राइव्हला इन्व्हर्टर म्हणतात. घरी वीज गेल्यावर पंखा चालवणारा बॅटरीचा इन्व्हर्टर वेगळा, हा कारखान्याच्या मोटारीचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची येते. चार पोलच्या मोटारीचे चुंबकीय क्षेत्र या विजेवर मिनिटाला १५०० फेरे घेते आणि मोटार त्याच्या थोडी मागे, साधारण १४४० फेऱ्यांनी चालते. ड्राइव्ह ही वीज आधी डीसी करतो आणि मग अतिशय वेगाने उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचांमधून हव्या त्या हर्ट्झची वीज पुन्हा तयार करतो. २५ हर्ट्झ दिले की मोटार निम्म्या वेगाने फिरते.

ड्राइव्हचे झाकण उघडून पाहा. एका बाजूला जाड वायरींचे टर्मिनल दिसतील. तीन वायरी वीज आणतात, तीन मोटारीकडे जातात. दुसऱ्या बाजूला बारीक स्क्रूंची एक पट्टी असते. हुकूम येतो तो या पट्टीवर. त्यात तीन प्रकारचे निरोप असतात. पहिला चालू-बंदचा, दुसरा वेग किती ठेवायचा याचा आणि तिसरा ड्राइव्हने दिलेला जबाब. मी चालू आहे, माझ्यात बिघाड झाला आहे, ठरलेला वेग गाठला आहे, हे तो या जबाबातून कळवतो.

साईझिंगचा एक टक्का

साईझिंगचेच उदाहरण घेऊ. वार्परवरून आलेल्या बीमांचा ताणा खळीच्या पेटीतून जातो, पिळणाऱ्या रोलरमधून निघतो, वाफेच्या सिलिंडरवर सुकतो आणि शेवटी विणकराच्या बीमवर गुंडाळला जातो. जुन्या मशिनीत हे सगळे भाग एका लांब शाफ्टने आणि गिअरने एकमेकांना बांधलेले असत. नव्या मशिनीत प्रत्येक भागाला स्वतंत्र मोटार आणि स्वतंत्र ड्राइव्ह असतो. त्यांना एकमेकांशी बांधणारा शाफ्ट आता नाही, त्याची जागा हुकमाच्या तारेने घेतली आहे.

पुढचा रोलर मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतो, त्यामुळे सुताला ओढ बसते. सुती ताण्यासाठी ही ओढ साधारण एक-दीड टक्क्याच्या आत राखतात. ओले सूत जास्त ओढले गेले तर त्याची लवचीकता साईझिंगमध्येच संपते. बीम दिसायला झकास असतो, पण मागावर चढला की धागे तुटू लागतात.

आता हिशेब करा. पुष्कळ ठिकाणी ड्राइव्हला वेगाचा हुकूम ० ते १० व्होल्टच्या सिग्नलने देतात. १० व्होल्टला मशिनीचा वेग मिनिटाला १०० मीटर धरला तर १ व्होल्ट म्हणजे १० मीटर आणि ०.१ व्होल्ट म्हणजे १ मीटर. मशीन ५० मीटरवर चालू आहे, सिग्नल ५ व्होल्ट आहे आणि त्या तारेत बाहेरून फक्त ०.१ व्होल्टची गडबड शिरली. वेगात १ मीटरचा, म्हणजे २ टक्क्यांचा फरक पडला. सुताला सोसणारी ओढ एक-दीड टक्का, आणि तारेने एकट्याने २ टक्के खाल्ले. मशीन जितके सावकाश चालेल तितका हा टक्का वाढत जातो. डान्सर रोल किंवा लोडसेल बसवला असेल तर तो ओढ मोजून वेग दुरुस्त करतो हे खरे. पण त्याचा निरोपही अशाच बारीक तारेने येतो, तेव्हा ती तार कच्ची असली की दुरुस्तीही चुकीची होते.

ही गडबड येते कुठून? ड्राइव्हमधूनच. मोटारीकडे जाणाऱ्या वायरीत दर सेकंदाला हजारो वेळा वीज उघडझाप करत असते. तिच्याशेजारी, तिला चिकटून हुकमाची साधी वायर टाकली तर त्या उघडझापीचा परिणाम बारीक वायरीत उतरतो.

काही वर्षांपूर्वी एका साईझिंगमध्ये आमचे सूत जात असे. तिथून आलेले बीम मागावर फार तुटू लागले. साईझिंगवाले सुताला दोष देत होते. त्याच लॉटचे सूत दुसऱ्या साईझिंगला दिले, तिथले बीम व्यवस्थित चालले. मग त्यांनी बाहेरचा इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने दाखवले की वेगाच्या सिग्नलची साधी वायर मोटारीच्या केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये, एकाच पट्टीने बांधलेली आहे. जाळीची वायर वेगळ्या मार्गाने टाकल्यावर तक्रार बंद झाली. तोपर्यंत ज्या कामगारांनी ते बीम चालवले त्यांची मजुरी कमी भरली, कारण मजुरी कापडावर मिळते, धागा सांधण्यात गेलेल्या वेळेवर मिळत नाही.

तार तुटली तर?

वेगाचा रेग्युलेटर, म्हणजे आपण ज्याला पॉट म्हणतो, त्याला तीन वायरी असतात. एक ड्राइव्हकडून १० व्होल्ट आणते, एक शून्याला म्हणजे कॉमनला जाते आणि मधली वायर ड्राइव्हला वेग सांगते. मधली वायर तुटली तर ड्राइव्हला सहसा शून्य दिसते आणि मशीन मंद होते. पण कॉमनची वायर तुटली तर काय होते, ते नीट समजून घ्या. मधल्या वायरीवर जवळपास पूर्ण व्होल्टेज येते आणि मशीन पूर्ण वेगाकडे धावू लागते. नॉब कितीही मागे फिरवला तरी वेग उतरत नाही. एका सैल स्क्रूमुळे हे घडू शकते.

० ते १० व्होल्टमध्ये दुसरीही अडचण आहे. ड्राइव्हला शून्य दिसले तर मालकाने शून्य सांगितले की तार तुटली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. यावर उपाय म्हणून ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल वापरतात. त्यात वेग शून्य असला तरी तारेत ४ मिलिअँपिअर करंट वाहत राहतो. १२ मिलिअँपिअर म्हणजे निम्मा वेग, २० म्हणजे पूर्ण. करंट ४ च्या बराच खाली गेला की ड्राइव्हला समजते की तार तुटली आहे. ही हिकमत या विजेच्या सिग्नलाच्याही आधीची आहे. पूर्वी मोठ्या कारखान्यांत हवेच्या नळीतून ३ ते १५ पौंड दाबाचे सिग्नल पाठवत. तिथेही शून्यासाठी ३ पौंड दाब ठेवलेला असे, म्हणजे नळी फुटली की लगेच कळे.

करंटच्या सिग्नलचा आणखी एक फायदा आहे. सर्किटमध्ये करंट सगळीकडे सारखाच राहतो, त्यामुळे वायर लांब असली तरी निरोप कमी होत नाही आणि बाहेरची गडबडही कमी बाधते. मात्र दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. पहिली, ड्राइव्हवर व्होल्ट की करंट हे निवडण्यासाठी छोटा स्विच, जंपर किंवा सेटिंग असते, ते बरोबर हवे. दुसरी, तार तुटल्याचे कळल्यावर ड्राइव्हने काय करायचे हे सेटिंगमध्ये भरावे लागते. मशीन थांबवायचे, आहे त्या वेगावर ठेवायचे की ठरलेल्या मंद वेगावर आणायचे, हा निर्णय मालकाचा आहे. साईझिंगमध्ये एकदम थांबले तर सिलिंडरवरचा ताणा जास्त भाजतो आणि पेटीतला खळीने माखतो. पंख्याला एकदम थांबल्याने काही होत नाही. प्रत्येक मशिनीचा विचार वेगळा करावा लागतो, आणि तो कोणी केलाच नाही तर कंपनीने भरलेली सेटिंग चालू राहते.

वीज परत येते तेव्हा

आता चालू-बंदचा हुकूम. हा बहुतेक २४ व्होल्ट डीसीचा असतो आणि तो जोडण्याच्या दोन पद्धती आहेत.

दोन वायरींच्या पद्धतीत एक फिरवायचा स्विच असतो. तो चालूवर असेपर्यंत मशीन चालते. समजा वीज गेली. कामगार रोलरला गुंडाळलेला धागा कापायला बसला. स्विच चालूवरच राहिला. वीज परत आली आणि ड्राइव्हने हुकूम वाचला: चालू हो. कोणी बटन दाबले नाही, कोणी आवाज दिला नाही, आणि रोलर फिरला. काही ड्राइव्हमध्ये असे आपोआप चालू होणे रोखणारी सेटिंग असते. पण ती लावली आहे की नाही, हे मॅन्युअल उघडून कोणी पाहिलेले नसते.

तीन वायरींच्या पद्धतीत चालूचे एक बटन आणि बंदचे एक बटन असते. चालूचे बटन क्षणभर दाबायचे, पुढे ड्राइव्ह तो हुकूम स्वतः धरून ठेवतो. वीज गेली की धरलेला हुकूम सुटतो. वीज आल्यावर कोणीतरी पुन्हा बटन दाबेपर्यंत मशीन उभेच राहते. जिथे माणसाचा हात मशिनीजवळ जातो तिथे हीच पद्धत हवी. बंदच्या बटनाची वायर नेहमी जोडलेली, म्हणजे एनसी असते. ती तुटली तर मशीन थांबते. चालूची वायर तुटली तर मशीन सुरू होत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी माणूस वाचतो.

सिंक आणि सोर्सचा घोळ

आपल्याकडे परदेशातून आलेली जुनी मशिनरी पुष्कळ आहे आणि तिच्यावर नवा ड्राइव्ह किंवा नवा पीएलसी बसवण्याची कामे सतत चालतात. तिथे हा घोळ होतो. सोर्स म्हणजे पीएनपी पद्धतीत ड्राइव्हच्या टर्मिनलवर २४ व्होल्ट आणले की हुकूम लागतो. सिंक म्हणजे एनपीएन पद्धतीत टर्मिनल शून्य व्होल्टला जोडले की हुकूम लागतो. युरोपच्या मशिनीत बहुधा पहिली आणि जपानच्या मशिनीत बहुधा दुसरी पद्धत आढळते. दोन्ही मिसळल्या तर ड्राइव्ह हुकूम ऐकत नाही आणि आपण समजतो की ड्राइव्ह खराब आला. बहुतेक ड्राइव्हवर ही पद्धत बदलण्याचा स्विच किंवा जंपर असतो.

यात जिवाचाही मामला आहे. सिंक पद्धतीत शून्याची बाजू अर्थ केलेली असेल आणि चालूच्या वायरीचे प्लास्टिक सोलून ती मशिनीच्या लोखंडाला लागली, तर ड्राइव्ह समजतो की हुकूम मिळाला. सोर्स पद्धतीत तीच वायर लोखंडाला लागली तर मशीन सुरू होत नाही, पुरवठ्याचा फ्यूज तेवढा जातो. म्हणून निवड हातात असेल तर सोर्स घ्यावे.

लाल बटन कशाला जोडले आहे?

पॅनेलवर लाल बटन असले की आपण निर्धास्त होतो. पण ते नुसते बंदच्या साध्या टर्मिनलला जोडलेले असेल तर ड्राइव्हचा प्रोग्राम जितका शाबूत, तितकेच ते बटन शाबूत. आजच्या पुष्कळ ड्राइव्हमध्ये एसटीओ नावाचे वेगळे टर्मिनल असतात. तिथला सिग्नल तुटला की ड्राइव्हच्या इलेक्ट्रॉनिक स्विचांना मिळणारा इशाराच बंद होतो आणि मोटार जोर लावू शकत नाही. यासाठी आयईसी ६१८००-५-२ हे आंतरराष्ट्रीय मानक २००७ साली आले आणि २०१६ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

एसटीओच्या मर्यादाही माहीत असाव्यात. त्याने मोटार मोकळी सुटते, ब्रेक लागत नाही. वजनदार सिलिंडर काही वेळ फिरतच राहतो. अशा ठिकाणी आधी वेग उतरवून मग जोर तोडणारी एसएस-१ ही पद्धत किंवा स्वतंत्र ब्रेक लागतो. दुसरे म्हणजे एसटीओने वीज तुटत नाही. मोटारीच्या टर्मिनलला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालायचे आणि ड्राइव्हवर छापलेली मिनिटे थांबायचे. आतल्या कपॅसिटरमध्ये मेन बंद केल्यावरही जीवघेणी वीज काही काळ साठलेली असते.

दोन तारांवर सगळा हुकूम

नव्या मशिनीत व्होल्ट आणि मिलिअँपिअर मागे पडून आकड्यांचा हुकूम आला आहे. त्यातली सर्वांत प्रचलित जोडी म्हणजे आरएस-४८५ च्या दोन तारा आणि त्यांवर बोलली जाणारी मॉडबस ही भाषा. मॉडबस मॉडिकॉन कंपनीने १९७९ साली काढली, आरएस-४८५ चे मानक १९८३ चे. दोन्ही जुनी आहेत, पण आजही स्वस्तातल्या ड्राइव्हमध्येसुद्धा ही सोय मिळते. यात ३७.५० हर्ट्झ हा हुकूम आकडा म्हणून जातो. वाटेत गडबड होऊन आकडा बिघडला तर तपासणीचा हिशेब जुळत नाही आणि ड्राइव्ह तो निरोप नाकारतो. त्यामुळे ०.१ व्होल्टच्या चुकीने सूत ताणले जाण्याचा प्रकार इथे होत नाही.

नियम तेवढे पाळावे लागतात. तार एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर अशी साखळीने न्यावी, मधूनच फांद्या काढू नयेत. साखळीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावावा. मूळ मानकाप्रमाणे एका साखळीवर ३२ यंत्रे आणि कमी वेगाच्या निरोपासाठी १२०० मीटरपर्यंत लांबी चालते. निरोप येणे बंद झाले तर किती सेकंदांनी काय करायचे, हे प्रत्येक ड्राइव्हमध्ये भरावे. ते भरले नाही तर काही ड्राइव्ह शेवटचा हुकूम धरून चालतच राहतात. मॉडबसमध्ये यंत्रांना पाळीपाळीने विचारले जाते, त्यामुळे थोडा वेळ जातो. जिथे रोलरांची जोडी क्षणाक्षणाला जुळवायची असते तिथे प्रोफिनेट किंवा इथरकॅटसारखी वेगवान व्यवस्था घेतात.

वायरमनला काय सांगावे

हुकमाची वायर जाळीची आणि पीळ घातलेली असावी. मोटारीच्या केबलपासून ती लांब, वेगळ्या ट्रेमधून न्यावी. दोन्ही एकमेकींना ओलांडणारच असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. वेगाच्या सिग्नलच्या वायरीची जाळी बहुतेक कंपन्या फक्त ड्राइव्हच्या टोकाला अर्थ करायला सांगतात. मॅन्युअलमध्ये जे लिहिले असेल ते करावे. मोटारीची केबलही जाळीची घेतली तर मूळ गडबडच कमी होते. प्रत्येक वायरीवर नंबर असावा आणि तोच नंबर नकाशावर असावा. नकाशाची एक प्रत पॅनेलच्या दारात आणि एक मालकाच्या कपाटात ठेवावी, कारण वायरमन बदलत राहतो.

ऑर्डरवर हे लिहून घ्या

ड्राइव्हची किंवा मशिनीची ऑर्डर देताना भावाबरोबर पुढील गोष्टी कागदावर घ्याव्यात.

१. वेगाचा सिग्नल कोणता: ० ते १० व्होल्ट, ४ ते २० मिलिअँपिअर की आकड्यांचा? लांब अंतर किंवा नाजूक ओढ असेल तिथे पहिला टाळावा.
२. तार तुटल्यास ड्राइव्ह काय करील? ते सेटिंग कोण भरणार आणि करून दाखवणार?
३. चालू-बंद तीन वायरींचे आहे का? वीज परत आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही ना?
४. सिंक की सोर्स? जुन्या पॅनेलशी किंवा पीएलसीशी जुळते का?
५. एसटीओ आहे का आणि लाल बटन त्याला जोडलेले आहे का?
६. एका ड्राइव्हमध्ये बिघाड झाला तर त्याच्या रिलेवरून बाकीचे ड्राइव्ह थांबतात का?
७. वायरिंगचा नकाशा आणि भरलेल्या सेटिंगची यादी देणार का?

मशीन ताब्यात घेण्याच्या दिवशी, पैसे चुकते करण्याआधी, विक्रेत्याच्या माणसाकडून तीन परीक्षा करून घ्याव्यात. मशीन मंद वेगात, ताणा न लावता आणि कोणी जवळ नसताना चालवायचे. पहिली परीक्षा, त्याने वेगाच्या सिग्नलची तार काढून दाखवावी. दुसरी, मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा. तिसरी, लाल बटन दाबावे. तिन्ही वेळा मशीन काय करते ते स्वतः उभे राहून पाहावे आणि साईझरला व जॉबरलाही दाखवावे. मशिनीजवळ दिवसभर तेच असतात. या तिन्ही परीक्षांना अर्धा तास पुरतो. त्यात मशीन नापास झाले तर उरलेली रक्कम दुरुस्ती होईपर्यंत आपल्याजवळच ठेवावी.